९ मिलिमीटर वर चढवलेला नट : बोटीचं इंजिन उतरवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बोट साधारण १० मीटरची, फायबरची. केबिनच्या जमिनीखाली चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, गिअरबॉक्स धरून वजन अंदाजे २५० किलो. मालक दोन भाऊ. थोरला बोट चालवतो, धाकटा यंत्राचं बघतो. इंजिनने पंचविशी ओलांडलेली, तरी पहिल्याच फिरकीला धडधडायचं. ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत. मापं आणि चुका मात्र होत्या तशाच ठेवल्या आहेत, आणि त्यातली सगळ्यात मोठी चूक माझी आहे.

तक्रार अशी, की दर पंधरा तासांना लिटरभर ऑइल टाकावं लागत होतं. धूर निळा नव्हता, म्हणजे ऑइल जळत नव्हतं. ते गळून तळाशी, बिल्जमध्ये साठत होतं. बिल्जचा पंप आपोआप चालणारा असल्यामुळे तेलकट पाणी थेट समुद्रात जायला लागलं. ते बरोबर नाही म्हणून धाकट्याने पंपाचा ऑटो स्विच बंद केला आणि अधूनमधून पाणी हाताने उपसायचं ठरवलं. हेतू चांगला होता. पण हाताने करायच्या कामाचं जे होतं तेच झालं. पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या पाणी अडवणाऱ्या जोडातून, म्हणजे ग्लँडमधून, थेंब थेंब येणारं खारं पाणी साठत राहिलं आणि जवळजवळ दोन वर्षं इंजिनच्या ऑइल चेंबरचा तळ त्या पाण्याला टेकून राहिला. चेंबर पातळ पत्र्याचा. त्याचं काय झालं असेल ते सांगायला नको.

गळती नेमकी कुठून

मला बोलावलं तेव्हा थोरल्याचं मत पक्कं होतं, की हेडच्या झाकणाचं पॅकिंग गेलंय आणि तेवढं बदललं की झालं. वरून ओघळणारं ऑइल खाली सगळीकडे पसरतं, त्यामुळे हा समज नेहमीच होतो. आम्ही इंजिन धुऊन कोरडं केलं, बाजूंवर टाल्कम पावडर मारली, खाली पांढरा कागद अंथरला आणि अर्धा तास चालवलं. पावडरवर गळतीची वाट स्वच्छ उमटते. झाकण कोरडं होतं. काळं ऑइल येत होतं ते गिअरबॉक्स इंजिनला जिथे जोडतो त्या घंटेच्या आकाराच्या कवचाखालच्या भोकातून. गिअरबॉक्समध्ये लाल ऑइल होतं, म्हणून रंगावरूनच कळलं की हे इंजिनचं आहे, म्हणजे इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या, क्रँकशाफ्टच्या, मागच्या टोकाचं ऑइल अडवणारं सील गेलंय.

मग टॉर्च आणि आरसा घालून चेंबरचा तळ पाहिला. गंजाचे पापुद्रे सुटलेले. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने एक पापुद्रा काढला, त्याखाली आणखी एक. तिसऱ्याला हात लावला नाही. तिथे भोक पडलं असतं तर पुढचा निर्णय आम्ही नाही, त्या भोकाने घेतला असता.

कोणते पर्याय होते

धाकट्याचा पहिला विचार होता जागच्या जागी इपॉक्सी थापण्याचा. तेलकट, गंजलेल्या पत्र्यावर इपॉक्सी धरत नाही, हात तिथे नीट पोहोचत नाही आणि सील तसंच गळत राहतं. हा पर्याय पाच मिनिटांत निकालात निघाला.

दुसरा पर्याय इंजिन न हलवता गिअरबॉक्स मागे काढण्याचा. त्यासाठी शाफ्ट निदान १५ सेंटिमीटर मागे सरकायला हवा होता आणि पंखा व सुकाणू यांच्यात जागा होती ९ सेंटिमीटर. सुकाणू उतरवलं असतं तर जमलं असतं, पण चेंबरचा प्रश्न जागेवरच राहिला असता.

तिसऱ्या पर्यायावर दोघा भावांचं एकमत होतं. इंजिन जागेवरच अर्धा मीटर उचलायचं, खाली शिरून चेंबर बदलायचा आणि पुन्हा बसवायचं. हे अगदीच चुकीचं नाही. मोठी इंजिनरूम असेल तर मीही ते करतो, मात्र भार साखळीवर लटकत न ठेवता खाली भक्कम लाकडी ठोकळे रचून त्यांवर टेकवल्यानंतरच. इथे इंजिन ज्यावर बसतं त्या बेडच्या दोन तुळयांमध्ये माणूस धड आडवा होऊ शकत नव्हता आणि सीलसाठी फ्लायव्हील, म्हणजे मागचं जड चाक, काढायचं तर मागून सरळ हात जायला हवा होता.

"नवीनच टाकू या ना दादा," असंही धाकटा म्हणाला. नव्या इंजिनबरोबर माउंटिंगमधलं (इंजिनच्या रबरी पायांमधलं) अंतर बदलतं, एक्झॉस्टचा व्यास बदलतो, कपलिंग (गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या दोन चकत्या) बदलतं, गिअरचं गुणोत्तर वेगळं असेल तर पंखाही बदलतो. ते करायचं का नाही हे कॉम्प्रेशनवरून, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते त्यावरून, ठरवायचं असं आम्ही ठरवलं. चारही सिलिंडरचे आकडे २६ ते २८ बारच्या दरम्यान आले. एकमेकांच्या इतके जवळ आकडे असताना ते इंजिन टाकून देणं मला पटलं नाही.

उरला चौथा पर्याय : संपूर्ण इंजिन बाहेर.

पाण्यात की जमिनीवर

धक्क्याला क्रेन होती. बोट पाण्यात ठेवूनच इंजिन उचलावं, बोट वर घ्यायचा व्याप कशाला, हा थोरल्याचा आग्रह. माझे आक्षेप दोन होते. कपलिंग सोडलं की शाफ्टला मागे जाण्यापासून अडवणारं काही राहत नाही. तो घसरत जाऊन ग्लँडमधून निसटला तर शाफ्टच्या जाडीचं भोक उघडं पडतं आणि पाणी आत घुसतं. शाफ्टवर आतल्या बाजूने घट्ट क्लँप आवळून ही भीती टाळता येते, कित्येक जण टाळतातही. दुसरा आक्षेप मला जास्त मोठा वाटत होता. हलणाऱ्या बोटीच्या अरुंद दारातून दोन-अडीचशे किलोचा लोलक बाहेर काढायचा होता. ग्लँडमध्ये भरलेली पाणी अडवणारी दोरीही बदलायची होतीच. बोट वर घेतली.

उतरवण्याची तयारी

बॅटरीची निगेटिव्ह वायर सगळ्यात आधी सोडली, मग बॅटऱ्याच बाहेर काढल्या. डिझेलचा कॉक बंद करून जाणारी आणि परतणारी, दोन्ही नळ्या सोडून बुचं मारली. कूलंट कॅनमध्ये घेतलं. चेंबरच्या तळाच्या, ऑइल सोडायच्या बोल्टपर्यंत हात जात नव्हता, म्हणून ऑइल गेजपट्टीच्या नळीतून पंपाने ओढलं. एक्झॉस्टची होज, खाऱ्या पाण्याची होज, थ्रॉटल, गिअर आणि बंद करायची केबल, वायरिंग, सगळं सुटं केलं. (इंजिन पेट्रोलचं असतं तर बिल्जमधली वाफ पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत मी कोणाला पानाही लावू दिला नसता.) कपलिंगच्या बोल्टवर दोन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल मारत होतो. सोडण्याआधी दोन्ही चकत्यांवर पंचने समोरासमोर खूण केली, म्हणजे जोडताना त्या पूर्वीच्याच जागी याव्यात.

वायरींवर धाकट्याने चिकटपट्टी लावून पेनाने नावं लिहिली. नीटनेटकं काम, सुबक अक्षर. पुढे इंजिनची जागा धुताना ती शाई पुसली गेली. पट्ट्या मात्र शाबूत राहिल्या, पांढऱ्याशुभ्र.

मग मापं. जमिनीतलं झडपेचं तोंड ११०० बाय ७२० मिलिमीटर, केबिनचं मागचं दार ६५० रुंद. अल्टरनेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डसकट इंजिन ७४०. ते दोन्ही, शिवाय हीट एक्स्चेंजर आणि स्टार्टर उतरवल्यावर ५९०. केबिनच्या छतातून क्रेनचा हुक आत येणार नव्हता, त्यामुळे काम दोन टप्प्यांत करायचं होतं. आत आडव्या बीमला चेन पुली टांगून इंजिन खड्ड्यातून वर घ्यायचं, फळ्यांवर ठेवून दारापर्यंत सरकवायचं आणि पुढे क्रेनकडे द्यायचं. छतालाच हुक मारू, अशी एक सूचना आली होती. फायबरचं छत ऊन-वारा अडवायला असतं, त्याला भार झेपत नाही. आम्ही बीम चार पायांच्या घोडीवर ठेवला आणि पाय जमिनीखालच्या तुळयांवर येतील असे घेतले.

उंचीचं गणित इथे फसता फसता राहिलं. जमिनीपासून बीमच्या हुकापर्यंत १७५० मिलिमीटर. इंजिनच्या तळापासून उचलायच्या कड्यांपर्यंत ७८०, दोन कड्यांतून हुकाकडे जाणाऱ्या उचलायच्या पट्ट्याच्या त्रिकोणाची उंची ६००. बेरीज १३८०, म्हणजे ३७० मोकळे. सगळे खूश. पण चेन पुली पूर्ण आखडली तरी तिच्या वरच्या आणि खालच्या हुकात ठरावीक अंतर उरतंच. आमच्या पुलीचं ते ३५० होतं. मोकळी जागा राहिली २० मिलिमीटर, आणि फळ्याच ५० जाडीच्या. हे उचलण्याच्या आदल्या संध्याकाळी लक्षात आलं, इंजिन अर्ध्यात लटकत असताना नाही, एवढंच नशीब.

उपाय म्हणून पट्टा आखूड केला, त्रिकोणाची उंची ४०० केली. धाकटा म्हणाला, "काका, अजून आखडू की, भरपूर जागा होईल." ते का करायचं नाही हे मी त्याला जमिनीवर खडूने काढून दाखवलं. कड्यांमधलं अंतर ५६०. उंची ४०० असताना पट्ट्याची प्रत्येक बाजू उभ्या रेषेपासून ३५ अंश कलते आणि एकूण वजनाच्या सुमारे ०.६ पट ताण घेते. उंची १६० वर आणली तर कल ६० अंश होतो आणि प्रत्येक बाजूवर पूर्ण वजनाइतका ताण येतो. इंजिन तेच, २५० किलोचं, पण दोन्ही बाजूंवर २५०-२५०. शिवाय ताण तिरका असल्याने कडी आत ओढली जातात, आणि ती कडी वर ओढण्यासाठी बनवलेली असतात.

शेवटचं माप चार माउंटिंगचं. सोडण्याआधी प्रत्येक नट तळाच्या पट्टीपासून किती वर आहे ते वहीत लिहिलं. तीन आकडे एकमेकांपासून २ मिलिमीटरच्या आत. मागच्या उजव्या पायाचा नट मात्र बाकीच्यांपेक्षा ९ मिलिमीटर वर. "तेलाने रबर बसलंय," असं मी म्हणालो आणि पान उलटलं. माउंटिंग नवीन टाकायचीच होती.

उचलण्याचा दिवस

गिअरबॉक्स आतच सुटा केला, लांबी आणि वजन दोन्ही कमी व्हावं म्हणून. निर्णय योग्य होता, पण मागचं वजन गेल्याने तोल पुढे गेला हे लक्षात घेऊन पट्टा पुन्हा बांधायला हवा होता. आम्ही तो गिअरबॉक्ससकटच्या तोलाप्रमाणेच ठेवला. ३ सेंटिमीटर उचलून थांबायचं हा माझा नेम आहे, त्यामुळे नाक खाली जाताना वेळीच दिसलं. फिल्टर काढलेल्या तोंडाला मात्र बूच नव्हतं. चेंबरमध्ये पंपाला न लागलेलं अर्धा लिटर ऑइल तिथून बाहेर आलं, ते नेमकं ज्या फळ्यांवरून इंजिन सरकवायचं होतं त्यांच्यावर. तासभर भुसा टाकून पुसत बसलो. मग पुढची बाजू आखडून इंजिन समतोल केलं. त्यानंतर ते खड्ड्यातून बाहेर, दारातून पार आणि क्रेनवरून खाली ठेवायला चाळीस मिनिटं लागली.

खाली काय होतं

रिकाम्या जागेची चिखलधुणी झाली तेव्हा संध्याकाळ होती. मी सवयीने हातोडीच्या दांड्याने बेड ठोकत गेलो. डावीकडे सगळीकडे टणक आवाज. उजवीकडे पुढे टणक, मागच्या पायाशी बद्द. जणू ओल्या पोत्यावर मारतोय.

बेड म्हणजे फायबरचं आवरण घातलेली लाकडी तुळई. माउंटिंगच्या बोल्टची भोकं पाडली त्या दिवशी कोणी त्यांत रेझिन भरलं नव्हतं. तिथून तेल-पाणी आत झिरपून लाकडाचा काळा लगदा झाला होता. आता वहीतला तो आकडा बोलायला लागला. पाय खाली बसत गेला आणि प्रत्येक वेळी इंजिन आणि शाफ्टची रेष (अलाइनमेंट) जुळवताना कोणीतरी नट थोडा थोडा वर चढवत राहिलं. ९ मिलिमीटर ही त्या कुजण्याची नोंद होती. ती माझ्याच अक्षरात माझ्या हातात होती आणि मी तिला रबर म्हणालो.

इंजिनच्या कामाला पाच दिवस लागले, बेडला तीन आठवडे. वरचं आवरण कापलं, कुजकं लाकूड घट्ट लागेपर्यंत कोरून काढलं, हीटर लावून वाळवलं. घाई इथेच नडते, ओलं लाकूड बंद केलं की ते आतल्या आत पुन्हा कुजतं. मग नवं लाकूड इपॉक्सीत बसवून त्यावर काचकापडाचे थर दिले. भोकं यावेळी मोठी पाडून इपॉक्सीने भरली आणि भरलेल्या भागातून पुन्हा योग्य मापाची पाडली. पाणी शिरलं तरी लाकडाला लागू नये, म्हणून.

इंजिनचं काम आणि हात आवरणं

चेंबर नवा आणला. जागोजागी पातळ झालेला पत्रा वेल्डिंगने भरून येत नाही. तो बसवण्याआधी खालून दोनदा रंगवला. जुनं सील काढल्यावर क्रँकशाफ्टवर सीलच्या ओठाने पाडलेली चर नखाला लागत होती. नवं सील त्याच जागी बसवलं असतं तर लवकरच पुन्हा गळलं असतं. ते २ मिलिमीटर अलीकडे बसवलं, म्हणजे ओठ न झिजलेल्या भागावर येतो. इतकी जागा नसती तर शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवावी लागली असती. गिअरबॉक्स आणि फ्लायव्हीलमधल्या, धक्के झेलणाऱ्या डँपर प्लेटच्या स्प्रिंगा हाताने हलत होत्या, ती बदलली. होज, खाऱ्या पाण्याच्या पंपाचा इंपेलर (पाणी ढकलणारं चक्र) आणि चारही माउंटिंग बदलली, हीट एक्स्चेंजर साफ केला.

"उघडलंच आहे तर हेडही काढू," असं दोघेही म्हणाले. मी नाही म्हणालो. कॉम्प्रेशन उत्तम असताना हेड उघडणं म्हणजे चालू गोष्टीत नवं पॅकिंग, नवे ताण, नव्या शंका घालणं. इंजिन बाहेर आल्याशिवाय जे करताच येत नाही तेवढं आधी करावं. हेड बोटीत बसूनही निघतं.

पुन्हा बसवणं

जमिनीवर कपलिंग जुळवलं तेव्हा १०० मिलिमीटर व्यासाच्या चकत्यांमध्ये वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) फरक आला ०.०८. लक्ष्य होतं ०.१ च्या आत, म्हणजे व्यासाच्या हजाराव्या भागाइतकं. थोरल्याला वाटलं काम संपलं. मी कपलिंगचे बोल्ट आवळू दिले नाहीत. टेकूंवर उभी बोट आणि पाण्यात तरंगणारी बोट यांचा आकार एकच नसतो.

पाण्यात दोन दिवस राहिल्यावर मोजलं. खालची फट वरच्यापेक्षा ०.३ ने जास्त. याचा अर्थ इंजिनचं नाक शाफ्टच्या रेषेच्या मानाने वर गेलेलं. पुढच्या-मागच्या माउंटिंगमधलं अंतर ५००, म्हणजे कपलिंगच्या व्यासाच्या पाचपट, तेव्हा पुढची बाजू १.५ मिलिमीटर खाली हवी. नटाचा आटा २ मिलिमीटरचा, म्हणून पुढचे दोन्ही नट पाऊण फेरा खाली. त्याने चकत्यांचे मध्यही किंचित हलतात, म्हणून पुन्हा मोजलं, पुन्हा थोडं हलवलं. तिसऱ्या खेपेला ०.१ च्या आत आलं. मगच बोल्ट आवळले.

इंजिन सुरू केलं. तापमानाचा काटा किल्ली फिरवताच लालमध्ये, आणि बझर गप्प. त्या पुसलेल्या पट्ट्यांची ही देणगी. एकाच रंगाच्या विटलेल्या तीन वायरी ओळखण्यात पूर्ण दुपार गेली.

आता पाहता वेगळं काय केलं असतं

बेड आधी ठोकून पाहिला असता. मागच्या पायाच्या बाजूला हातोडीचा दांडा जाईल एवढी जागा इंजिन असतानाही होती. तसं केलं असतं तर भावांना दहा दिवस सांगून पाच आठवडे लावण्याची वेळ आली नसती. इंजिन उतरवायचं की नाही हा निर्णय बदलला नसता, पण त्यांनी तो कामधंद्याच्या दुसऱ्या काळात घेतला असता.

नोंद करणाऱ्याने नोंद वाचायचीही असते, ही माझ्यापुरती गोष्ट. आता माउंटिंगचा आकडा वेगळा आला की कारण सापडेपर्यंत मी पान उलटत नाही. वायरींना दोन्ही टोकांना एकाच क्रमांकाचे पत्र्याचे बिल्ले तारेने बांधतो, आणि मोकळं होणारं प्रत्येक तोंड त्याच क्षणी बुचाने बंद होतं.

जमिनीवर घ्यायच्या निर्णयाबद्दल मात्र मला अजूनही दोन्ही बाजू दिसतात. शेवटची अलाइनमेंट पाण्यातच करावी लागली, तेव्हा थोरल्याचा आग्रह अगदीच पोकळ नव्हता. बेडचं काम निघालं म्हणून आम्ही बरोबर ठरलो, पण ते आम्हाला आधी कुठे माहीत होतं?

डाव्या बेडची भोकंही न भरलेलीच होती. लाकूड टणक वाजत असलं तरी इंजिन बाहेर असतानाच तीही मोठी करून भरून घेतली. बिल्ज पंपाचा ऑटो स्विच पुन्हा चालू झाला आहे आणि इंजिनखाली कडा असलेला स्टीलचा ट्रे बसला आहे, म्हणजे काही गळलंच तर ते पंपापर्यंत जाऊ नये. वीस तास चालल्यावर नवं रबर बसलं असेल म्हणून कपलिंग पुन्हा मोजायला गेलो. फट ०.१ च्या आतच होती, चारही नट होते तिथेच. ट्रेमध्ये चार थेंब पडले होते, काळे. धाकट्याने पावडर मारून माग काढला. हेडच्या झाकणाचं पॅकिंग. थोरला काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिला.